मण लावून

घरमालकांच्या थोरलीने विरजणाला विरजण म्हणायचं सोडलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिची शिकवणी बिघडली आहे.

आजकाल लोक मला विचारतात, मुलाला शिकवणी लावावी का, आणि लावली तर कोणाची. मी मास्तरांची कीर्ती विचारत बसत नाही. मूल शिकवणीहून आल्यावर जास्त बोलतं की कमी, एवढंच विचारते. ही कसोटी मला देवळाली प्रवऱ्याला मिळाली, दोन अंगणांमधल्या भिंतीवरून.

हे तेव्हा तिथे पाटाच्या कचेरीत कारकून होते. लढाईचे दिवस. रॉकेल मोजून, कापड मोजून, आणि कागद तर इतका महाग की सातवीतली मुलंसुद्धा पाटीवर गणितं करत. पण पाटाच्या पाण्यावर ऊस उभा होता, गुळाला भाव होता. आम्ही एका शेतकऱ्याच्या घराच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. त्यांचं अंगण आणि आमचं अंगण यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत होती. घरमालकांना सगळा गाव दादा म्हणे, म्हणून मीही दादा म्हणे. ते मला वैनी म्हणत. त्यांना तीन मुली. थोरली चौदा वर्षांची, मराठी सातवीत, आणि वर्गात एकटी मुलगी.

ही पोर त्या भिंतीवर कोपरं टेकून उभी राहायची आणि प्रश्न विचारायची.

“काकू, पाटाचं पानी रातीचं बी चालतं का थांबतं?”

“काकू, इंग्लंडात बी लोकं उन्हाळ्यात आंगनात झोपत्यात का?”

“काकू, तुमच्या भाकरीला पापुद्रा का येत न्हाई?”

पाटाचं मला माहीत होतं, इंग्लंडचं नव्हतं, आणि भाकरीचं उत्तर द्यायची माझी इच्छा नव्हती. पण मी तिला कधी हाकललं नाही. प्रश्न विचारणारं मूल हातातल्या कामात अडथळा आणतं हे खरं, पण त्याची काळजी करावी लागत नाही. गणितात तर तिचं डोकं फार चाले. गुऱ्हाळावर काहिलीत रस ओतला की गुळाच्या ढेपा किती निघतील याचा अंदाज ती वडिलांच्या आधी सांगे, आणि दादा तोंडाने “गप गं” म्हणत म्हणत तोच आकडा धरत.

दादांनी मुलीला सातवीपर्यंत नेलं हे भावकीला रुचलं नव्हतं. “पोरीला काय मामलेदार करायचीय?” असं गुऱ्हाळावर कोणी ना कोणी विचारी. दादा हसून सोडून देत. घरी मात्र त्यांनी तिला स्पष्ट सांगून टाकलं होतं. मी भिंतीच्या अलीकडे तांदूळ निवडत होते, तेव्हा मला ऐकू आलं.

“हे बघ, एकच डाव. सातवीची फायनल पास झालीस तर ट्रेनिंगला धाडतो, मास्तरीन हो. नापास झालीस तर भावकीफुडं माझं कायबी चालायचं न्हाई. मंग तुझं लगीन, आन् ह्या दोघी चौथीनंतर घरी.”

ह्या दोघी म्हणजे धाकट्या. एकीच्या परीक्षेवर तिघींची शाळा टांगलेली होती, आणि हे घरात अगदी शेंडेफळालाही माहीत होतं. थोरली पाठांतराला बसली की त्या दोघी कोंबड्या हाकलायच्या, गोंगाट नको म्हणून.

एवढं सगळं तिच्या एका परीक्षेवर असल्यामुळे दादांनी शिकवणी लावली ती गावातली सर्वांत मोठी. पेन्शनर मास्तर म्हणून ते ओळखले जात. आयुष्यभर हेडमास्तर राहिलेले, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, हातात काठी. त्यांचा विद्यार्थी नापास झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. ते घरी येऊन शिकवणार म्हटल्यावर दादांनी ओटा सारवून घेतला, सतरंजी टाकली, आणि येणाजाणाऱ्याला दिसेल अशा बेताने मास्तरांना बसवलं. पोरीच्या शिकवणीचा थोडा भाग गावासाठी होता, त्याला माझी ना नाही.

मास्तर वाईट होते असं कोणी समजू नये. वेळेवर येत, कोणाच्या घरी चहा घेत नसत, नकाशाकडे न बघता पाटीवर हिंदुस्थानातल्या नद्या काढत. त्यांना एकच गोष्ट सोसत नसे. ती म्हणजे अशुद्ध बोलणं. आणि आमची थोरली, तिच्या घरातल्या सगळ्यांसारखीच, ण बोलतच नसे. तिच्याकडे सगळ्याला न.

संध्याकाळी ऊन असेपर्यंत ओट्यावर शिकवणी चाले. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येई.

“मास्तर, हौदात येका नळानं पानी…”

“पाणी.”

“पानी…”

“ण. जीभ वर. टाळूला लाव. पा–णी.”

“पा…णी.”

“हां. आता विचार.”

आता काय विचारायचं होतं ते ती विसरलेली असे.

एकदा गणित वाचताना ती म्हणाली, “येका शेतकऱ्यापाशी बारा मन ज्वारी हाय.” मास्तरांनी काठी खाली टेकली. “बारा मन? अगं, रावणाला तोंडं दहा होती, पण मन एकच होतं!” धाकट्या दोघी खिदळल्या. इकडे मीही हसले. मास्तर विनोदी होते हे खरंच.

पोर हुशार, तिने यातून आपल्यापुरता नियम काढला. आपण न म्हणतो ती चूक, तर सगळीकडे ण म्हणावा. पुढच्या आठवड्यात तिने पाटीवर निबंध लिहिला आणि मास्तरांपुढे उभी राहून वाचला. त्यात एक वाक्य होतं, “मी मण लावून अभ्यास करते.”

“मण लावून?” मास्तर म्हणाले. “चाळीस शेरांचा मण लावलास तर तराजू मोडेल, पोरी!”

या वेळी धाकट्या हसल्या नाहीत. थोरलीने पाटी पुसली.

त्यानंतर दिवाळी झाली, थंडी पडली. ओट्यावरून आता एकच आवाज येई, मास्तरांचा. मला वाटलं, पोर मोठी झाली, गंभीर झाली. भिंतीवरची कोपरंही दिसेनाशी झाली. मीही माझ्या कामात होते. आणि मग एक दिवस सकाळी ती वाटी घेऊन भिंतीपाशी आली.

“काकू, ते द्या.”

“ते काय?”

“दुधाला लावायचं.”

“विरजण?”

तिने मान हलवली. मी विरजण दिलं. सहज विचारलं, “कोण आलंय तुमच्याकडे? बैलगाडी दिसतेय.”

“मामा.”

“जेवण झालं त्यांचं?”

“जेवले.”

“आई अंगणात आहे का?”

“भाईर हाय.”

मला तेव्हा जाणवलं. वाटेतलं डबकं चुकवून चालावं तशी ही पोर ण चुकवून बोलत होती. खात्री करावी म्हणून मी म्हटलं, “धावत आलीस, काय हवंय का प्यायला?” तिने तांब्याकडे बोट दाखवलं. बोलली नाही.

त्याच आठवड्यात शाळेच्या सहामाहीचा निकाल आला. लेखी बेताची. तोंडी परीक्षेत तिने एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं. फायनललाही तेव्हा आमच्या केंद्रावर तोंडी घेत असत. हेडमास्तरांनी दादांना बोलावून विचारलं, “घरी कोणी हिला मारतं का?” दादा तिथून तापूनच आले आणि सरळ भिंतीशी उभे राहिले.

“गावातला येक नंबरचा मास्तर लावला वैनी, आन् पोरगी मुकी झाली! पयली बरी हुती की. तुमीच इचारा तिला. मला काय सांगत न्हाई.”

मी तिला तुरीच्या शेंगा सोलायला बोलावलं. समोर बसवून प्रश्न विचारले की मुलं बंद होतात, हाताला काम असलं की बोलतात. आम्ही बऱ्याच शेंगा सोलल्या. मग तिने पाटी ओढली आणि तिच्यावर एक त्रिकोण काढला.

“काकू, ह्याला काय म्हनायचं?”

“त्रिकोण.”

“ण?”

“ण.”

तिने त्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “आन् ह्याला?”

“कोन.”

“न?”

“न.”

“का?”

मी जन्मभर त्रिकोण आणि कोन म्हणत आले, लिहीत आले. त्रिकोणाला ण आणि त्याच्याच पोटातल्या कोनाला न का, हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

“म्या त्रिकोन म्हनलं, तर मास्तर म्हनले, ण. मंग म्या ह्याला कोण म्हनलं, तर म्हनले, कोण? कोण आलंय? पाव्हने आलेत का?” तिने शेंग मोडली. “म्या कायबी म्हनलं तरी चूकच हाय, काकू. म्हनून गप बसते. गप बसल्यावर कोनी चूक काढत न्हाई.”

यात रडणं वगैरे काही नव्हतं. तिने हिशोब करून काढलेलं उत्तर होतं ते, आणि तिच्या हिशोबात मला चूक सापडेना.

रात्री जेवताना मी यांना सांगितलं. हे म्हणाले, “आपल्याला ण पाळण्यातच मिळाला. फुकटातला. त्या पोरीला तो विकत घ्यावा लागतोय, आणि मास्तर एकदम ठोक भावात देतायत.” यांना कचेरीतली भाषा बोलायची सवय होती, पण म्हणाले ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मी दादांना सांगितलं, शिकवणी बदला.

“बदला? आवो, त्येंचा येक पोरगा नापास न्हाई!”

“ते चांगले मास्तर आहेत. तुमच्या मुलीला ते चालत नाहीत. नगरचा नामांकित वैद्य असला तरी त्याचं औषध लागू पडत नसेल तर तुम्ही बदलताच ना?”

“मंग तुमीच शिकवा की.”

हे येणार मला माहीत होतं. मी नाही म्हटलं. शेजारणीची शिकवणी पंधरा दिवस चालते, मग कधी त्यांच्याकडे पाहुणे, कधी आपल्याकडे पापड, आणि बघता बघता तिच्या गप्पा होतात. शिवाय मला धीर नाही. एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली की माझा आवाज चढतो, आणि त्या घरात चढलेल्या आवाजाची आता गरज नव्हती. “मी शोधून देते,” म्हटलं.

गावात शिकवण्या घेणारे आणखी दोघे होते. पहिले मॅट्रिक झालेले तरुण गृहस्थ. देवळाच्या सभामंडपात त्यांचा वर्ग भरे, मुलांनी मंडप फुलून जाई. मी दर्शनाच्या निमित्ताने खांबाआड बसले. गृहस्थ झपझप बोलले, हातवारे केले आणि शेवटी म्हणाले, “समजलं?” सगळी मुलं एका सुरात, “होऽऽऽ!” ते ऐकून देवालाही बरं वाटलं असेल. वर्ग सुटल्यावर मी एका मुलाला धरलं.

“काय रे, काय समजलं?”

“काय ठावं! समदे हो म्हनले.”

दुसरे होते शाळेतले धाकटे मास्तर. पारनेरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. त्यांच्या ओट्यावर पाचसहा मुलंमुली बसत, बायको तिथेच शेंगदाणे भाजत असे. मी बायकोशी बोलायला म्हणून जाऊन बसले. एक मुलगा मध्येच म्हणाला, “मास्तर, न्हाई समजलं.” मी कान टवकारले. मास्तर चिडले नाहीत की परत पहिल्यापासून सुरूही केलं नाही. म्हणाले, “कुठवर समजलं?”

मुलगा विचारात पडला. मग पाटीवर बोट ठेवून म्हणाला, “हितवर.”

“मग हितनं फुडं जाऊ.”

वर्ग सुटल्यावर मी त्यांना सरळ विचारलं, “तुमचे विद्यार्थी नापास होतात का?”

ते जरा गोंधळले. “झालेत की. गेल्या साली दोघं.”

“का?”

“एक गुऱ्हाळावर राबत होता, यायचाच न्हाई. दुसरा माझ्यामुळं. त्याला अपूर्णांक येत नव्हते, ते मला फार उशिरा कळलं.”

आपला विद्यार्थी कशामुळे नापास झाला हे ज्याला सांगता येतं, त्याच्या हाती मूल द्यायला हरकत नाही असं माझं मत झालं. ते अजून बदललेलं नाही. उगाच विचारायचं म्हणून विचारलं, “शिक्षकी कशी धरलीत?”

“आमच्याकडं पाऊस पडत न्हाई, बाई. शेती करणार काय? शिकलो.”

दादांना हे पटायला वेळ लागला. ते स्वतः एकदा धाकट्या मास्तरांचा वर्ग बघून आले आणि आल्या आल्या म्हणाले, “आवो वैनी, त्यो तर आमच्यासारखंच बोलतोय! मंग त्येला कशाला द्यायचं? म्याच शिकवितो घरी.”

“शिकवा. अपूर्णांक येतात का?”

“पाव, निम्मं, पाऊन येतंय की.”

“त्यांना त्याच्या पुढचंही येतं.”

दादा हसले, पण लगेच गंभीर झाले. “पेन्शनर मास्तरला काय सांगायचं? इतका मोठा मानूस, येऊ नका म्हनून सांगायला माझी जीभ रेटत न्हाई.” त्यांची जीभ रेटत नव्हती, आणि ज्या पोरीची जीभ अडली होती तिचं काय, असं मला म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. “मी जाते,” म्हटलं.

पेन्शनर मास्तर घरी पोथी वाचत बसले होते. मी आडपडदा ठेवला नाही. सगळं सांगितलं; विरजणाचं, तांब्याकडे दाखवलेल्या बोटाचं, त्रिकोणाचं. त्यांनी चष्मा काढला.

“मुलगी हुशार आहे हो. पण तोंडच उघडत नाही. मी तरी काय करू?”

“तोंड उघडलं की तुम्ही जीभ धरता.”

“उद्या परीक्षकाने धरली तर? तो माझ्याइतका भला नसेल.”

त्यांचं हे म्हणणं खोटं नव्हतं. शहरातल्या मंडळींपुढे खेड्यातली मुलगी उभी राहिली की तिचं उत्तर ऐकण्याआधी लोक तिचा ण ऐकतात, हे मलाही ठाऊक होतं. मी तसं म्हटलं. “पण मास्तर, ती बोललीच नाही तर तिचा ण शुद्ध की अशुद्ध हे कोणाला कळणार?”

ते बराच वेळ पोथीची पानं सारखी करत राहिले. “म्हणजे मी येऊ नये.”

“शिकवायला दुसरे मास्तर ठेवू. शुद्धलेखन मात्र तुमच्यासारखं गावात कोणी घालत नाही. रविवारी येऊन तेवढं घाला.”

“घालीन. त्याची फी म्हणून गुळाची ढेप नको.”

“एक अट आहे. तुम्ही सांगायचं, तिने लिहायचं. चुका खडूने पाटीवर दाखवायच्या. त्या वेळात दुसरं काही बोलायचं नाही.”

“तिने?”

“तुम्ही.”

मला वाटलं, आता काठी उचलतात. पण ते हसले. “तुम्ही मास्तरीण व्हायला हवं होतं, बाई.”

“धीर नाही, म्हणून तर झाले नाही,” मी म्हटलं आणि निघाले.

धाकट्या मास्तरांनी पहिले काही दिवस तिच्यापुढे ण चा विषयसुद्धा काढला नाही. “बोल कसंबी. लिहिताना मी बघीन,” एवढंच सांगितलं. पहिल्या आठवड्यात ती “हां”, “व्हय”, “न्हाई” यांच्यापलीकडे गेली नाही. मग एक दिवस त्यांच्या बायकोने भाजलेले शेंगदाणे पुढे केले आणि थोरली म्हणाली, “लई करपलं शेंगदाने.” बायको म्हणाली, “बोलायला लागली, आन् पयलं मलाच नाव ठेवलं!” त्या दिवसापासून गाडी सुरू झाली.

ण त्यांनी नंतर आणला, आणि वेगळ्या दाराने आणला. एकदा ती म्हणाली, “मास्तर, उद्या येनार न्हाई. शेतात तन लई वाढलंय, काढायला जायचंय.” मास्तरांनी पाटीवर दोन शब्द लिहिले. तन म्हणजे अंग. तण म्हणजे पिकातलं गवत. “मग सांग, शेतात काय वाढलंय? तुझे वडील जाड झाले, का गवत माजलं?” ती तोंडावर हात ठेवून हसली. घरी आल्या आल्या भिंतीशी उभी राहिली.

“काकू, ण मुळं गवताचं अंग हुतं!”

“उलट. न मुळे.”

“तेच ते. पर अर्थच बदलतोय की वो! मला वाटलं, ण निस्ता बामनांचा हाय, नटवायला.”

मला हसू आवरेना. मग तो खेळच झाला. सन म्हणजे वर्ष, सण म्हणजे दिवाळी. जन म्हणजे लोक, जण म्हणजे मोजायचे. मन आपलं, मण ज्वारीचा. हे कचेरीतून येताना एखादी नवी जोडी आणत आणि भिंतीवरून टाकत. दादांची बायको, जिने कधी पाटी धरली नव्हती, तीही चुलीपुढून विचारू लागली, “आन् लोनी? त्येची दुसरी जोडी कोनती?” लोण्याची जोडी सापडली नाही. पण थोरलीला एक समजलं होतं. ण हा हसं करायला ठेवलेला काटा नव्हता. तण आणि तन यांच्यातला फरक राखायला तो होता, आणि असला फरक शेतकऱ्याच्या पोरीला दोनदा सांगावा लागत नाही.

जोड्या लागल्या तरी त्रिकोण आणि कोन तिथेच अडले. ते तिने धाकट्या मास्तरांनाही विचारलं. ते म्हणाले, “ठाऊक न्हाई. हे पाठच कर.”

रविवारी पेन्शनर मास्तर शुद्धलेखन घालायला येत. सांगत, थांबत, पाटी बघत, खडूने खूण करत आणि ओठ इतके घट्ट मिटून बसत की मला त्यांची कीव येई. खुणा हळूहळू कमी झाल्या. बोलताना ती अजूनही पानी म्हणे. लिहिताना पाणी लिही. तेवढं मला पुरेसं होतं.

फायनलचं केंद्र नगरला होतं. दादा, थोरली आणि मी असे राहुरीहून गाडीने गेलो. लेखी नीट झाली असं ती म्हणाली. तोंडीच्या दिवशी आम्ही शाळेच्या आवारात लिंबाखाली बसलो होतो. ती बाहेर आली ती तरातरा.

“काय गं?” दादा उठले. “बोललीस ना?”

“बोलले की. साहेबांनी फळ्यावर त्रिकोन काढला. म्हनले, ह्याच्या तिन्ही कोनांची बेरीज किती? म्या सांगितलं. मंग कविता म्हनायला लावली, ती म्हनली. मंग म्हनले, तुला काही विचारायचंय का?”

“मंग?”

“मंग म्या इचारलं, साहेब, त्रिकोणाला ण आन् त्याच्या कोनाला न का?”

दादांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. “तू साहेबाला उलटं इचारलंस?”

“त्येच म्हनले की, इचार!”

“अगं, म्हनत्यात तसं! म्हनून इचारायचं असतंय व्हय?”

“साहेब काय म्हणाले?” मी विचारलं.

“कायच न्हाई. माझ्याकडं बघत बसले. मंग कायतरी लिवलं.”

“काय लिवलं?”

“दिसलं न्हाई.”

परतीच्या गाडीत दादा पागोटं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या डोळ्यांपुढे भावकी, लगीन आणि दोन धाकट्या पोरी उभ्या असणार. मला भीती नव्हती असं नाही. साहेब लोकांच्या रागालोभाचं काय सांगावं. थोरली मात्र खिडकीशी बसून बाहेरचं सगळं विचारत होती. ही टेकडी कोणती, त्या गावाला पाट का नाही, इंजिनाला पाणी कोण घालतं. बोलून बोलून तिचा घसा सुकला.

“काकू, पानी द्या,” ती म्हणाली. मग थांबली. “पाणी.”

मी तांब्या पुढे केला. पहिल्यांदा म्हणाली तेव्हाच मी तो उचलला होता.

निकाल येईपर्यंत दादा गुऱ्हाळाकडे फिरकले नाहीत. बैल बघायचा, विहीर बघायची, असं काहीतरी काढत. आणि एक दिवस शाळेचा शिपाई धावत आला. पोर पास झाली होती. नुसती पास नव्हे, तोंडीत तिला शाळेतल्या सगळ्या मुलांपेक्षा जास्त गुण होते. म्हणजे साहेबांनी काय लिहिलं होतं ते आम्हाला कळलं.

दादांनी त्या संध्याकाळी ओटा पुन्हा सारवला. दोन्ही मास्तरांना बोलावलं, भावकीतल्या चौघा म्हाताऱ्यांना मुद्दाम बोलावलं. ठेवणीतला कोट घातला. मी आणि हे भिंतीशी उभे होतो. मध्ये ताटात फोडलेल्या ढेपेचे खडे होते. दादा उभे राहिले. सगळ्यांपुढे बोलायचं, त्यातून पेन्शनर मास्तर समोर, म्हणून त्यांनी आपली सर्वांत चांगली मराठी बाहेर काढली. एकेक शब्द तोलून बोलू लागले.

“मास्तर, आपल्या आशीर्वादाने कन्या पास झाली. आता ती ट्रेनिंगला जाणार. या दोघीसुद्धा पुढे शिकणार. मी शब्द दिला होता.” त्यांनी पेन्शनर मास्तरांकडे बघून हात जोडले. “पोरीनं मण लावून अभ्यास केला.”

धाकट्या दोघींनी पदरात तोंडं घातली, म्हणजे आईच्या. धाकटे मास्तर आढ्याकडे बघू लागले. थोरलीची नजर पेन्शनर मास्तरांवर खिळली होती.

मास्तरांची मान वर झाली. काठी टेकली गेली. तोंड उघडलं. चाळीस शेर तिथे जिभेच्या टोकावर येऊन उभे होते, ते मला भिंतीवरून दिसत होते.

मग मास्तरांनी ताटातला सर्वांत मोठा गुळाचा खडा उचलला, उघडलेल्या तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिले.